चौदा संघांचा पिचर: एडविन जॅक्सनची कारकीर्द कशी वाचावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपला मुलगा शाळेच्या बेसबॉल संघात पिचिंग करतो, म्हणजे बॅटरकडे चेंडू टाकतो. अमेरिकेतल्या बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत, मेजर लीगमध्ये, तब्बल १४ संघांकडून खेळलेल्या एडविन जॅक्सनबद्दल त्याने वाचले आणि त्यावरून घरात वाद झाला. चौदा ठिकाणी नकोसा झालेला हा माणूस, असे आपले मत. चौदा ठिकाणी हवाहवासा वाटलेला माणूस, असे मुलाचे मत. शिवाय १०७ विजय, १३३ पराभव आणि दर नऊ इनिंगमागे ४.७८ धावा दिल्याची सरासरी असे आकडे असलेला पिचर २००३ ते २०१९ असे सतरा हंगाम टिकतोच कसा, हेही आपल्याला उमगत नाही. मी बरीच वर्षे पिचर घडवण्याचेच काम करतो, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर देतो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. १४ या एका आकड्यात दोन निरनिराळ्या जातींचे बदल एकत्र मोजले गेले आहेत. कारकिर्दीच्या पूर्वार्धात जॅक्सनला मिळवण्यासाठी संघ आपले चांगले खेळाडू देत होते. उत्तरार्धात मात्र जागा मिळावी म्हणून त्यालाच दारोदार जावे लागले. पूर्वार्धापुरते आपल्या मुलाचे म्हणणे बरोबर आहे आणि उत्तरार्धाबाबत आपले म्हणणे निम्मे बरोबर आहे. पण या दोन्ही काळांच्या तळाशी एकच गुण होता: दर पाचव्या दिवशी चेंडू हातात घ्यायला तयार असलेला, न मोडणारा खांदा.

जॅक्सनचा जन्म ९ सप्टेंबर १९८३ रोजी तेव्हाच्या पश्चिम जर्मनीतील नॉय-उल्म येथे झाला, कारण वडील अमेरिकी लष्करात होते. तो वाढला जॉर्जिया राज्यातल्या कोलंबस शहरात. लॉस एंजेलिस डॉजर्सने २००१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवोदित खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेऱ्यांत, सहाव्या फेरीत त्याला निवडले, तेव्हा तो मुख्यतः आउटफिल्डर, म्हणजे दूरच्या मैदानातला क्षेत्ररक्षक, होता. हाताचा जोर पाहून त्याला पिचर बनवण्यात आले आणि अवघ्या दोन वर्षांनी, बरोबर विसाव्या वाढदिवशी, त्याने ॲरिझोनाविरुद्ध मेजर लीगमधला पहिला सामना सुरू केला, म्हणजे पहिल्या चेंडूपासून पिचिंग केले. समोर रँडी जॉन्सन हा त्या काळातला सर्वांत धाक असलेला डावखुरा पिचर होता आणि डॉजर्सने तो सामना ४-१ असा जिंकला. आउटफिल्डमधून आलेल्या मुलाला इतक्या लवकर वर आणल्याने काय होते, हे प्रत्येक प्रशिक्षक जाणतो: चेंडूला वेग असतो, पण तो कुठे जाईल हे अजून हाताला कळलेले नसते. पुढची दोन वर्षे त्याची तशीच गेली आणि जानेवारी २००६ मध्ये डॉजर्सने त्याला टॅम्पा बेकडे धाडले.

इथे अमेरिकी पद्धत थोडी समजून घ्यावी लागेल, कारण तिच्याशिवाय ही कारकीर्द नुसता प्रवास वाटते. ड्राफ्टमध्ये निवडलेला खेळाडू मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत आपल्या मर्जीने संघ बदलू शकत नाही. पहिली साधारण तीन वर्षे तो किमान वेतनाच्या जवळपास खेळतो. पुढची तीन वर्षे पगार लवादाच्या पद्धतीने ठरतो आणि दरवर्षी चांगलाच वाढतो. या सहा वर्षांत संघ मात्र त्याला हवे तेव्हा दुसरीकडे पाठवू शकतो, आणि त्यासाठी त्याची संमती लागत नाही. आयपीएलच्या लिलावात खेळाडू स्वतः नाव नोंदवतो. इथे मात्र हंगामाच्या मधोमध, सामना चालू असताना डगआउटमध्ये बसलेल्या खेळाडूला बोलावून, उद्यापासून तू दुसऱ्या शहरात खेळायचे आहेस, असे सांगता येते. सेवेची दहा वर्षे पूर्ण झालेल्या आणि त्यांपैकी शेवटची पाच वर्षे सलग एकाच संघात काढलेल्या खेळाडूला अदलाबदल नाकारण्याचा हक्क मिळतो. म्हणजे हा हक्क ज्याला त्याची सर्वाधिक गरज असते त्यालाच मिळत नाही. जॅक्सन कुठल्याही संघात सलग पाच वर्षे राहिला नाही, म्हणून हा हक्क त्याच्या वाट्याला कधीच आला नाही.

टॅम्पा बेमध्ये २००७ साली त्याचे ५ विजय आणि १५ पराभव झाले, दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी ५.७६. या आकड्यांवर कुठलाही पालक मुलाला घरी बसवील. संघाने मात्र त्याला दर पाचव्या दिवशी मैदानात उतरवले, कारण चेंडू ताशी दीडशे किलोमीटरच्या वर सहज जात होता आणि खांदा दुखत नव्हता. पुढच्याच वर्षी १४ विजय, ११ पराभव झाले आणि तोवर जवळपास कायम तळाला राहिलेला तो संघ थेट वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेपर्यंत, पोहोचला. मग टॅम्पाने त्याला सोडले का? माझ्या वाचनानुसार कारण साधे होते. डेव्हिड प्राइससारखा तरुण, स्वस्त पिचर दारात उभा होता आणि जॅक्सनचा पगार वाढू लागला होता. डेट्रॉइटने त्याच्या बदल्यात मॅट जॉयस हा होतकरू आउटफिल्डर दिला. डेट्रॉइटमध्ये २००९ साली जॅक्सनने २१४ इनिंग टाकल्या, १३ सामने जिंकले, सरासरी ३.६२ राखली आणि हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार संघात जागा मिळवली. आणि त्याच डिसेंबरमध्ये त्याला पुन्हा हलवले गेले. डेट्रॉइट, न्यूयॉर्क यँकीज आणि ॲरिझोना यांच्यातल्या त्या त्रिपक्षीय व्यवहारात कर्टिस ग्रँडरसन यँकीजकडे गेला, तर ॲरिझोनाने जॅक्सन आणि इयन केनेडी यांच्यासाठी मॅक्स शेर्झर डेट्रॉइटच्या हवाली केला. शेर्झर पुढे केवढा मोठा पिचर झाला हे आपल्या मुलाला नक्की ठाऊक असेल. जॅक्सन नकोसा असता, तर अशा नावांच्या पंक्तीत त्याचे नाव आलेच नसते. ॲरिझोनाने लगेच त्याला दोन वर्षांसाठी १ कोटी ३३ लाख ५० हजार डॉलरचा करार दिला.

आता त्या सामन्याबद्दल लिहितो, जो मी माझ्या प्रत्येक पिचरला इनिंगगणिक थांबवून दाखवतो. २५ जून २०१०, सेंट पीटर्सबर्गचे ट्रॉपिकाना फील्ड, प्रतिस्पर्धी टॅम्पा बे, म्हणजे जॅक्सनचाच जुना संघ. त्या रात्री त्याने नो-हिटर टाकला. पूर्ण नऊ इनिंगमध्ये एकाही बॅटरला हिट, म्हणजे फटका मारून बेस गाठणे, जमू दिले नाही. पण सुरुवात पाहिली तर हा पिचर चौथ्या इनिंगपर्यंतही टिकेल असे वाटत नाही. चेंडू सतत स्ट्राइक झोनच्या, म्हणजे बॅटरसमोरच्या वैध पट्ट्याच्या, बाहेर जात होते. तिसऱ्या इनिंगमध्ये त्याने लागोपाठ तीन वॉक दिले (चार चेंडू झोनबाहेर गेले की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो), तिन्ही बेस भरले आणि एकही आउट झालेला नव्हता. आघाडी होती फक्त १-० ची, तीही ॲडम लारोशच्या एका होम रनमुळे, म्हणजे थेट मैदानाबाहेर मारलेल्या फटक्यामुळे. तिथून त्याने एकही धाव न देता ती इनिंग संपवली. एकूण आठ वॉकपैकी सात पहिल्या तीन इनिंगमध्येच देऊन झाले होते. सामना १-० असाच संपला, तेव्हा त्याने १४९ चेंडू टाकले होते.

हा १४९ चा आकडा किती मोठा आहे ते सांगायला हवे. आजकाल सामना सुरू करणाऱ्या पिचरने शंभरी गाठली की बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांच्या सरावाच्या जागेत, दुसरा पिचर हात मोकळा करू लागतो. त्या रात्री ॲरिझोनाचे मॅनेजर ए. जे. हिंच सारखे त्याच्याकडे पाहत होते आणि जॅक्सन मैदान सोडायला तयार नव्हता. तो निर्णय योग्य होता की नाही, यावर प्रशिक्षकांत आजही दुमत आहे. वाढत्या वयाच्या मुलाला मी कुठल्याही कारणास्तव, समोर इतिहास घडत असला तरी, इतके चेंडू टाकू देणार नाही, आणि आपणही देऊ नये. मात्र तंत्राच्या दृष्टीने पाहण्यासारखी गोष्ट तिसऱ्या इनिंगनंतर घडते. आधी त्याचा पुढचा खांदा लवकर उघडत होता, म्हणून चेंडू वर आणि बाहेर जात होते. नंतर त्याचे पाऊल आणि हात एका तालात येतात, स्लायडर, म्हणजे शेवटी बाजूला आणि खाली वळणारा चेंडू, बॅटच्या अलीकडे खाली बुडू लागतो. जॅक्सनची सारी कारकीर्द या दोन अवस्थांमध्ये हेलकावे खात राहिली. हा ताल कायमचा धरून ठेवणारा पिचर शेर्झर होतो. ज्याच्या हातून तो येतो आणि जातो, त्याच्याबद्दल दर नव्या संघाच्या पिचिंग प्रशिक्षकाला वाटत राहते की हा आपण दुरुस्त करू.

नो-हिटरनंतर बरोबर पाच आठवड्यांनी, ३० जुलैला, ॲरिझोनाने त्याला शिकागो व्हाइट सॉक्सकडे दिले. मोबदल्यात आलेल्या दोघांपैकी डॅनियल हडसनने पुढच्या हंगामात १६ सामने जिंकून ॲरिझोनाला गटाचे विजेतेपद मिळवून दिले, म्हणजे व्यवहार त्यांच्या बाजूने वाईट नव्हता. पण शिकागोचेही नुकसान झाले नाही. ॲरिझोनात त्या वर्षी ५.१६ असलेली जॅक्सनची सरासरी व्हाइट सॉक्समध्ये ३.२४ वर आली. हात तोच, माणूस तोच, केवळ शहर, कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा) आणि प्रशिक्षक बदलले.

२७ जुलै २०११ चा दिवस तर या साऱ्या व्यवस्थेचा नमुनाच म्हणावा. व्हाइट सॉक्सने त्या दिवशी जॅक्सनला टोरांटो ब्लू जेजला दिले आणि टोरांटोने त्याच दिवशी त्याला पुढे सेंट लुइस कार्डिनल्सला दिले, कारण त्यांना कार्डिनल्सकडचा कोल्बी रास्मस हवा होता. काही तासांसाठी तो कागदोपत्री ब्लू जेजचा खेळाडू होता. पण त्यांच्याकडून न खेळल्याने तो संघ तेव्हा मोजला गेला नाही. त्याच व्यवहारात टोरांटोहून सेंट लुइसला आणखी एक पिचर गेला, ऑक्टाव्हिओ डोटेल. कार्डिनल्स हा डोटेलचा बारावा संघ होता आणि पुढच्या वर्षी डेट्रॉइटकडून खेळून त्याने १३ संघांचा विक्रम केला. डॉमिनिकन प्रजासत्ताकाचा हा गुणी रिलीफ पिचर, म्हणजे सामन्याच्या मध्ये येऊन चेंडू टाकणारा, एप्रिल २०२५ मध्ये सांतो दोमिंगोतील नाइटक्लबचे छत कोसळून झालेल्या दुर्घटनेत मरण पावला, हे इथे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

ऑगस्टच्या अखेरीस स्पर्धेबाहेर गेल्यासारखे दिसणारे कार्डिनल्स ऑक्टोबरमध्ये टेक्सासला सात सामन्यांत हरवून विजेते झाले. वर्ल्ड सिरीजचा चौथा सामना जॅक्सनने सुरू केला आणि सात वॉक देऊन तो हरला. तरी विजेतेपदाची अंगठी त्याच्या वाट्याला आली आणि ती रास्त होती, कारण अखेरच्या दोन महिन्यांत त्याने तिथे बारा सामने सुरू केले होते. ते त्याने खेळले नसते तर कोणी खेळले असते, हा प्रश्न जाणकार नेहमी विचारतात.

२००७ ते २०१३ असे सलग सात हंगाम जॅक्सनने दरवर्षी किमान ३१ सामने सुरू केले. या सात वर्षांत त्याने सहा संघ बदलले, पण जवळपास एकही पाळी चुकवली नाही. मेजर लीगमध्ये संघाला १६२ सामने खेळायचे असतात, सामना सुरू करणारे पिचर पाच असतात आणि वर्ष संपेपर्यंत त्यांतले दोन-तीन कोपरा किंवा खांदा धरून बसलेले असतात. अशा वेळी २०० इनिंगच्या आसपास टाकणारा मध्यम पिचर हा उत्तम पण निम्मा हंगाम दवाखान्यात काढणाऱ्या पिचरपेक्षा अनेकदा जास्त मोलाचा ठरतो. शालेय सामन्यांचे गुणफलक वाचणाऱ्या पालकांच्या हे लवकर लक्षात येत नाही, कारण तिथे जिंकणे-हरणे तेवढेच दिसते.

सहा वर्षांची सेवा पूर्ण झाल्यावर २०१२ मध्ये तो पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीने संघ निवडू शकला. वॉशिंग्टन नॅशनल्सबरोबर त्याने एका वर्षाचा १ कोटी १० लाख डॉलरचा करार केला, १० सामने जिंकले, ११ हरले आणि नॅशनल्सने प्रथमच आपला गट जिंकला. मग शिकागो कब्जने त्याला चार वर्षांसाठी ५ कोटी २० लाख डॉलर देऊ केले. दहा वर्षांच्या भटकंतीनंतर एका गावात घर करण्याची ही संधी होती, आणि खेळ नेमका तिथेच बिघडला. २०१३ मध्ये ८ विजय, १८ पराभव. २०१४ मध्ये ६ विजय, १५ पराभव आणि सरासरी ६.३३. फास्टबॉलचा वेग किंचितही घटला की ज्याचा ताबा आधीपासून काठावर असतो त्याला झाकायला काही उरत नाही. कब्जने २०१५ च्या हंगामात त्याला मुक्त केले. करार हमीचा असल्याने उरलेले पैसे त्यांनाच द्यावे लागले आणि म्हणून नव्या संघाला तो जवळपास किमान वेतनात मिळू लागला.

यापुढचा काळ दुसऱ्या जातीच्या बदलांचा आहे. अटलांटा, मायामी, सॅन डिएगो, बाल्टिमोर, पुन्हा वॉशिंग्टन. यांतला कुठलाही संघ त्याच्यासाठी मोहरा द्यायला तयार नव्हता. बहुधा असे घडे की एखाद्या संघाचा पिचर जखमी होई, जॅक्सनला कनिष्ठ लीगचा करार मिळे, तो लहान गावांत बसने फिरत सामने खेळे, वर बोलावणे आले की जाई आणि चार खराब सामने झाले की नाव यादीतून निघे. २००९ चा ऑल-स्टार, नो-हिटर टाकलेला, विजेतेपद पाहिलेला माणूस वयाच्या चौतिसाव्या वर्षी हे का पत्करतो, याचे उत्तर ओकलंडमध्ये मिळते. २०१८ मध्ये ओकलंड ॲथलेटिक्सचे सुरुवातीचे पिचर एकामागून एक जखमी झाले. २५ जूनला, नो-हिटरच्या आठव्या वाढदिवशी, जॅक्सन त्यांच्याकडून प्रथम खेळला. हा त्याचा तेरावा संघ आणि डोटेलच्या विक्रमाशी बरोबरी. पुढे त्याने १७ सामने सुरू केले, ६ जिंकले, ३ हरले, सरासरी ३.३३ राखली आणि ओकलंड ९७ विजयांसह बाद फेरीत पोहोचले. आता तो कटरचा, म्हणजे शेवटी किंचित बाजूला सरकणाऱ्या वेगवान चेंडूचा, वापर अधिक करत होता आणि बॅटरला चुकवण्यापेक्षा त्याच्याकडून कमकुवत फटका काढून घेण्यावर त्याचा भर होता.

मे २०१९ मध्ये ओकलंडने त्याला रोख रकमेच्या बदल्यात टोरांटोला दिले. १५ मे रोजी सॅन फ्रान्सिस्कोत तो ब्लू जेजच्या गणवेशात उतरला आणि आठ वर्षांपूर्वी न मोजलेला तो संघ चौदावा म्हणून मोजला गेला. विक्रम झाला, पण हंगाम फार वाईट गेला. टोरांटो आणि पुन्हा डेट्रॉइट मिळून ९.५८ सरासरी. मेजर लीगमधला तो त्याचा शेवटचा हंगाम. त्यानंतर लांबणीवर पडलेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये, २०२१ साली, तो अमेरिकेच्या संघात होता आणि अंतिम सामन्यात जपानकडून हरलेल्या त्या संघाबरोबर त्याला रौप्यपदक मिळाले. २०२२ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

इतके संघ बदलण्याची खेळातली किंमत काय, हेही आपण विचारले होते. बॅटरला नव्या संघात फारसे शिकावे लागत नाही, पिचरला लागते. नवा कॅचर कुठला चेंडू कधी मागतो, खाली बुडणारा स्लायडर तो अंगाने अडवील की मागे जाऊ देईल, याचा भरवसा बसायला वेळ जातो. तिसऱ्या बेसवर प्रतिस्पर्धी उभा असताना ज्या पिचरचा कॅचरवर विश्वास नसतो तो स्लायडर खाली टाकायला कचरतो, चेंडू थोडा वर राहतो आणि होम रन बसतो. माझ्याकडे येणाऱ्या मुलांतही नवा कॅचर मिळाला की पहिले काही आठवडे हेच दिसते. त्यात प्रत्येक प्रशिक्षक काहीतरी बदलायला सांगतो: कोणी रबरवर (पिचर उभा राहतो त्या पट्टीवर) डावीकडे उभे करतो, कोणी हात थोडा वर न्यायला लावतो. चौदा ठिकाणचे सल्ले ऐकून स्वतःची चेंडू टाकण्याची पद्धत ओळखीची ठेवणे हे जॅक्सनचे मोठे कौशल्य होते, असे मी मानतो.

तुलनेसाठी आपल्या मुलाने रिच हिलची कारकीर्दही पाहावी. हा डावखुरा पिचर २०१५ च्या मध्यात कुठल्याच मेजर लीग संघात नव्हता आणि लाँग आयलंड डक्स या स्वतंत्र लीगच्या संघाकडून खेळत होता. मोठ्या वळणाच्या कर्व्हबॉलवर भर देऊन तो परत आला आणि पुढच्याच वर्षाअखेर डॉजर्सने त्याला तीन वर्षांसाठी ४ कोटी ८० लाख डॉलर दिले. ऑगस्ट २०१७ मध्ये पिट्सबर्गमध्ये त्याने नऊ इनिंगपर्यंत एकही हिट दिली नाही. आपल्या संघालाही धाव मिळेना, म्हणून सामना दहाव्या इनिंगमध्ये गेला आणि पहिलीच हिट होम रन ठरून तो हरला. जुलै २०२५ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, तो कॅन्सस सिटी रॉयल्सकडून शिकागोत कब्जविरुद्ध उतरला. कब्ज हा त्याचा पहिला संघ होता आणि रॉयल्स चौदावा, त्यामुळे हा विक्रम आता दोघांच्या नावावर आहे. जॅक्सनचे उलट होते: त्याचा हात क्वचितच दुखावला आणि मागणीही बराच काळ राहिली, हिलची बरीच वर्षे खांदा-कोपर सांभाळण्यात गेली. मुलाला दोघांचेही तक्ते काढून द्या आणि विजय-पराभवांच्या आधी दरवर्षी किती इनिंग टाकल्या ते वाचायला सांगा.